धूळ, झुरळ, मांजर

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही डॉक्टरीणबाईंसाठी नाही, हे आधीच नोंदवून ठेवते. त्यांनी मागितलेली वही वेगळी आहे. ती पट्टीने आखून घेतली आहे: काय खाल्लं, कुठे होते, कशाला हात लागला, आणि शेवटच्या रकान्यात पित्त उठल्याची वेळ. ती स्वच्छ अक्षरात. ही माझी.

कॉन्व्हेंटात सिस्टर दर शनिवारी आमच्याकडून दोषांची वही लिहून घ्यायच्या. आठवड्यात आपलं काय चुकलं ते लिहा, आणि असं लिहा की परक्यालाही कळावं. मी बाकीच्या मुलींचं काय चुकलं ते लिहायची आणि तळहातावर पट्टी खायची. पुढे त्याच कामाचा पगार मिळाला. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली.

डिसेंबरपासून अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. आधी पोटरीवर, मग कमरेला, आता वाटेल तिथे. लाल, उंच, कडा असलेल्या, नकाशातल्या बेटांसारख्या. चार-सहा तासांत एक बेट बुडतं, दुसरं वर येतं. खाज अशी की माणूस सभ्यपणा विसरतो. येत्या मंगळवारी हातावर टोचून अ‍ॅलर्जीची चाचणी आहे, आणि त्याआधी सात दिवस पित्ताची गोळी बंद. म्हणजे आग लागली आहे हे सिद्ध करायला आधी बंब परत पाठवायचा.

वन्संनी ओल्या फडक्याच्या घड्या पाठीवर ठेवल्या. वन्सं, म्हणजे माझी नणंद, माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, चौऱ्याहत्तर. जन्मभर टेलिफोन कार्यालयात कानाला यंत्र लावून लोकांना लोकांशी जोडून दिलं. आता कानात दुसरं यंत्र आहे, तेही मनात आलं तर लावतात. आमचे हे गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून या तीन खोल्यांत आम्ही दोघी आणि ठकी. ठकी ही मांजर आहे, पण घरभाडं ती भरत असल्यासारखी वागते.

गुडघाही बोलत होता. नोव्हेंबरात जिन्यात घसरले तेव्हापासून त्याची कुरकुर आहे. औषधवाल्याने दिलेली पांढरी गोळी घेतली आणि पडले. दुपारी मांड्यांवर नवी बेटं. दुधाचा संशय आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस दूध सोडलं. काल उठलं, आज जवळजवळ नाही. मग दूधच असेल. किंवा नसेल.

संध्याकाळी सव्वासहाला वन्सं गुडघ्याला तेल चोळतात, रोज, घड्याळ लावून. त्यांच्या बोटांना टेलिफोनची सवय. माझ्या गुडघ्यात कुणाचा तरी नंबर लावत असल्यासारख्या दाबत असतात. अधूनमधून विचारतात, “लागला का?” काल त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे उशीर झाला, तेल राहिलं, गोळी घ्यावी लागली. आज चोळलं, गोळीशिवाय भागलं.

हाताला तेल लागलेलं असताना ठकी त्यांच्या मांडीवर चढू पाहते. त्या कोपराने तिला दूर करतात आणि तिची माफी मागतात. मांजराची!

१० फेब्रुवारी, मंगळवार

चाचणी झाली. लिहिण्याइतकं बरंच आहे.

डॉक्टरीणबाई माझ्या सुनेहून लहान. दंडापासून मनगटापर्यंत पेनने आकडे घातले, प्रत्येक आकड्यापाशी एक थेंब, प्रत्येक थेंबात एक टोच. मग पंधरा मिनिटं हात तसाच ठेवायचा आणि खाजवायचं नाही. त्या पंधरा मिनिटांत मला सिस्टर आठवल्या, प्रार्थनेच्या वेळी नाकावर माशी बसली तरी न हलणाऱ्या. मी हलले नाही. माझ्या हाताचं मुद्रित झालं होतं, तपासायला दुसरीच बाई बसली होती, एवढंच.

आधी प्रश्न झाले.

“आणखी काही औषधं चालू?”

“रक्तदाबाची एक. सकाळी.”

“बाकी काही? अधूनमधून घेता असं?”

“मी उठसूट औषधं खाणारी बाई नाही.”

तिने लिहून घेतलं. मग पट्टीने फुगवटे मोजले. धुळीतले सूक्ष्म किडे, सहा मिलिमीटर. मांजर, चार. झुरळ, चार.

“झुरळ?” मी म्हटलं. “माझ्या घरात झुरळ दिसलं तर मी माफीचं पत्र छापीन.”

“दिसायला नको आजी, पूर्वी कधी संपर्क आला असला तरी—”

“आजी कोणाला म्हणतेस?”

बिचारी लाल झाली. मग म्हणाली, हाताला फुगवटा आला म्हणजे तुमचं पित्त त्यानेच उठतं असं नाही. पुष्कळांना कारण सापडतच नाही. जमेल तेवढं टाळून बघा, वही ठेवा, सहा आठवड्यांनी दाखवा. पित्ताची गोळी परत सुरू करा.

“कारण नाही तर टोचलंत कशाला?” मी विचारलं. तिने निकालाचा छापील कागद हातात दिला. त्यावर दोन चुका होत्या, पण धूळ, झुरळ, मांजर हे तीन शब्द बिनचूक छापले होते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कागदाबरोबर एक पत्रक होतं, ‘घरात काय टाळाल’. ते भिंतीवर लावलं आणि क्रमाने सुरुवात केली. पडदे काढले. गालिचा खालच्या शिंपिणीला देऊन टाकला. गाद्यांना आणि उशांना चेन लावलेल्या खोळी घातल्या. झोपताना आता बरणीत झोपल्यासारखं वाटतं. चादरी गरम पाण्यात धुवायच्या, दर आठवड्याला. केरसुणी बंद, ओल्या फडक्याने पुसायचं. उभ्याने पुसलं तर कोपरे राहतात, म्हणून गुडघ्यांवर बसून तिन्ही खोल्या पुसल्या. स्वयंपाकघरातल्या फटी बुजवल्या. झुरळाला आता यायचंच असेल तर बेल वाजवून यावं लागेल.

वन्सं म्हणाल्या, “अगं दुरुस्ती, एका दिवसात सगळं नको. गुडघ्याचं बघ.” मला ‘दुरुस्ती’ म्हणायचं ह्यांनी सुरू केलं होतं. हे गेले, नाव राहिलं.

“पुस्तक तपासायचं तर एक पान सोडून चालत नाही, वन्सं.”

सकाळी एक गोळी, दुपारी एक. संध्याकाळी पाठ, पोट, मानसुद्धा. कानाची पाळी सुजली. साफ करताना धूळ उडाली असणार.

१५ फेब्रुवारी, रविवार

तीन शब्दांपैकी दोघांचा बंदोबस्त झाला. तिसरा शब्द खिडकीत बसून अंग चाटत होता.

मी पत्रकातलं वाचून दाखवलं, मोठ्याने, कारण वन्संचं कानातलं यंत्र फळीवर होतं. मांजराच्या केसांनी नाही, कातडीच्या कोंड्याने होतं. तो कोंडा भिंतींना चिकटतो आणि मांजर गेल्यावरही काही महिने राहतो.

“म्हणजे ती मेली तरी राहणारच,” वन्सं म्हणाल्या. “मग आत्ताच कशाला?”

“म्हणूनच आत्ता. महिन्यांची मोजणी लवकर सुरू होईल.”

“तेरा वर्षांची आहे ती.”

“मी अडुसष्टची आहे.”

वन्सं ठकीच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या, शेंडीपासून शेपटीपर्यंत, एकाच दिशेने. मला वाटलं होतं त्या भांडतील. माझी तयारी होती. चार चांगली वाक्यं जुळवून ठेवली होती, ती वाया गेली.

मग म्हणाल्या, “तिला एकटीला नवी जागा झेपायची नाही. मी जाते तिच्याबरोबर. तुझ्या मुलाने किती वेळा बोलावलंय.”

मी म्हटलं, “जशी तुमची मर्जी.”

हे वाक्य मी आयुष्यात फक्त राग आल्यावर वापरलं आहे. त्यांना ते माहीत आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

चिरंजीव गाडी घेऊन आले. आत्याच्या सामानाचे दोन डाग, ठकीची टोपली. टोपलीला झाकण नव्हतं, वन्संनी वर आपली शाल बांधली.

“आई, भांडलात का दोघी?” त्याने जिन्यात हळूच विचारलं.

“आम्ही भांडत नाही. हा वैद्यकीय निर्णय आहे.”

“डॉक्टर म्हणाल्या आत्याला घालवा म्हणून?”

“मांजर म्हणाल्या. आत्या पुरवणीत गेली.”

तो हसला नाही. दोन्ही नाती खूश आहेत म्हणाला. मांजराला कुठे झोपवायचं यावरून त्यांची मारामारी झालीसुद्धा.

जाताना वन्संनी तेलाची बाटली खिडकीत ठेवली, भोवती फडकं गुंडाळून, ओघळ येऊ नये म्हणून. “रोज लाव. सव्वासहाला. नंतर लावलंस तर अंथरुणाला लागतं,” एवढंच म्हणाल्या.

त्या गेल्यावर त्यांची खोली ओल्या फडक्याने पुसली. मग भिंतीही पुसल्या, हात पोचेल तिथपर्यंत. गोळी घेतली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

घर स्वच्छ आहे. इतकं स्वच्छ की पाऊल वाजतं. आज गांधी उठल्या, पण पत्रकात लिहिलंच आहे, काही महिने लागतात.

तेल लावून बघितलं. वाकलं की कंबर धरते, न वाकावं तर हात पोचत नाही, आणि आपल्याच हाताने आपला गुडघा चोळणं म्हणजे स्वतःला पत्र पाठवून पोस्टमनची वाट बघणं. दोन मिनिटांत सोडून दिलं. गोळीला काय, पाण्याबरोबर गेली की गेली.

१ मार्च, रविवार

खालची शिंपीण वर आली. तिला वाटलं माझ्याकडे कुणी आलं आहे.

“एवढ्या मोठ्याने बोलत होता, मला वाटलं पाहुणे.”

“फोनवर होते.”

“नाही, फोनच्या आधीपण. आणि टीव्ही जरा… आता आत्याबाई नाहीत ना, मग एवढा कशाला? माझ्या मशीनच्या आवाजावरून ऐकू येतो.”

टीव्हीचा आकडा चाळिसावर होता. सहा वर्षं तो तिथेच आहे. मी अठरावर आणला. थोड्या वेळाने परत चाळिसावर नेला, कारण अठरावर माणसं माझ्यापासून काहीतरी लपवून बोलत असल्यासारखी वाटतात.

शिंपिणीने दिलेली लिंबाच्या लोणच्याची फोड मी खाल्ली नाही. आता मी बाहेरचं काही खात नाही. संशयितांत लिंबूही घातलं आहे.

९ मार्च, सोमवार

वाईट आठवडा. पापण्या सुजल्या. आरशात एक बेडूक माझा चष्मा लावून बसला होता.

स्वच्छ वहीत सगळं आहे: उकडलेला बटाटा, भात, पाणी, चहा. जागा: घर. स्पर्श: फडकं, बादली, चादर, पुस्तक नाही. पुस्तकंसुद्धा खोक्यांत बंद केली, त्यांच्यात धूळ असते म्हणून. छापखान्यातून निवृत्त झाल्यावर वाचायला ठेवलेली सगळी. आता मी बटाटा खाते आणि भिंतीकडे बघते. सिस्टरांना आवडलं असतं.

आठवड्याच्या चादरी धुतल्या. गरम पाण्याची बादली न्हाणीघरातून उचलताना गुडघ्यात अशी कळ आली की खाली बसले, आणि बराच वेळ बसूनच राहिले. उठवायला कुणी नव्हतं म्हणून उठले. गोळी, आणि चार तासांनी अजून एक.

१२ मार्च, गुरुवार

वन्संचा फोन. सून फोन लावून देते, त्या ओरडतात. सगळं बरं आहे म्हणाल्या. नातींना टेलिफोन कार्यालयाच्या गोष्टी सांगतात. धाकटी ठकीला बाहुलीची टोपी घालते आणि ठकी घालून घेते. माझ्या घरात तिने कधी कुणाकडून काही घालून घेतलं नाही.

“तुझं कसं?”

“उत्तम. खूप फरक आहे.”

“अं?”

“उत्तम!”

“गुडघा?”

“तोही.”

फोन ठेवल्यावर पोटऱ्या खाजवल्या, रक्त येईपर्यंत. खोटं बोलण्याची अ‍ॅलर्जी चाचणीत नव्हती.

१७ मार्च, मंगळवार

थकले. दुसरं लिहिण्यासारखं नाही. पुसलं, धुतलं, उकडलं, गोळी घेतली, खाजवलं, पुसलं.

२४ मार्च, मंगळवार

सहा आठवडे झाले. स्वच्छ वही घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, त्यांना अशी वही कुणी आणून दिली नसेल.

“इतकं कुणीच टाळत नाही,” त्या म्हणाल्या. “मांजर नाही, धूळ नाही, जेवणात दोन पदार्थ. आणि पित्त पहिल्यापेक्षा जास्त. काही जुळत नाहीये.”

“म्हणजे वही चुकीची?”

“नाही, नाही. पण यात लिहायचं काही राहिलंय का?”

मी उभी राहिले. “एकतीस वर्षं माझ्या हातून काही राहिलेलं नाही.”

“बसा ना,” ती म्हणाली. आजी म्हणाली नाही, लक्षात ठेवलं होतं तिने. “मी घरी पक्षी पाळते. माझ्या हातावर पक्ष्यांचीच चाचणी पॉझिटिव्ह आली. मला कधीच काही होत नाही. म्हणून म्हणते, हाताचं ऐकायचं, पण हातालाच सगळं विचारायचं नाही.”

रागाने रिक्षा न करता चालत आले. गोळी.

२५ मार्च, बुधवार

छापखान्यात आमची एक रीत होती. मजकूर चार वेळा वाचून झाला, डोळ्यांना सवय झाली, की शेवटचं वाचन उलटं करायचं. शेवटच्या पानाच्या शेवटच्या शब्दापासून मागे. तसं वाचलं की अर्थ लागत नाही, आणि अर्थ लागला नाही की डोळा घसरत नाही. पुढे काय येणार हे माहीत असलेला डोळा समोर काय आहे ते बघत नाही. मुखपृष्ठावर लेखकाचंच नाव चुकलेलं मी असंच पकडलं होतं. चौघांनी वाचूनही ते चौघांना दिसलं नव्हतं.

“काही राहिलंय का” हे माझ्या डोक्यातून जाईना. स्वच्छ वही काल उलटी वाचली. काही नाही. आज ही, तशीच शेवटापासून मागे, वाचली. आपलं खाजगी लिहिलेलं मी एरवी पुन्हा वाचत नाही, आपलाच उष्टा घास वाटतो.

गोळी. रागाने.

खाजवलं, गोळी घेतली, उकडलं.

अजून एक, गोळी. पापण्या त्याच आठवड्यात.

गोळीला काय, पाण्याबरोबर.

गोळी घेतली. भिंती पुसल्या.

दुपारी एक, सकाळी एक. कानाची पाळी सुजली.

मग सहा फेब्रुवारी. “गोळीशिवाय भागलं.” आणि त्याच पानावर वर: “आज जवळजवळ नाही.”

तीन तारीख: पांढरी गोळी घेतली आणि पडले. दुपारी नवी बेटं. दुधाचा संशय.

लाल पेन्सिल आणली आणि प्रत्येक गोळीभोवती गोल केला. मग पेन्सिल ठेवून दिली. छापखान्यात एवढे गोल एका पानावर आले असते तर मी खिळे जुळवणाऱ्याला उभा चिरला असता.

“बाकी काही? अधूनमधून घेता असं?” तिने नीट विचारलं होतं. माझ्या लेखी ते औषध नव्हतंच. औषध म्हणजे आजाराला, आणि गुडघा हा आजार नव्हे, तो आपला गुडघा. स्वच्छ वहीत त्याला रकाना नव्हता. रकाने मीच आखले होते.

२६ मार्च, गुरुवार

दवाखान्यात गोळ्यांचं पाकीट घेऊन गेले, रांग मोडून. डॉक्टरीणबाईंनी नाव वाचलं आणि एक क्षण डोळे मिटले.

“किती दिवस?”

“नोव्हेंबरपासून.”

“आणि पित्त डिसेंबरपासून.”

“मला हिशेब येतो.”

या जातीच्या वेदनाशामकांनी काहींना पित्त उठतं, ज्यांना उठत असतं त्यांचं भडकतं, असं म्हणाली. आजपासून बंद. दुखलं तर दुसरी साधी गोळी लिहून दिली, तीही जपून. तीन आठवडे बघा. “एकदम जाईल असं वचन देत नाही. थोडं मागे राहीलही.”

“आणि मांजर?”

“तुम्हाला शिंका येतात का तिच्यामुळे? डोळ्यांना पाणी?”

“तेरा वर्षांत नाही.”

“झोपायच्या खोलीत येऊ देऊ नका. एवढं पुरे होतं की.”

पुरे होतं की! मी तिला ओरडले नाही. ती हे दहा फेब्रुवारीलाही म्हणाली असती. मी विचारलं नव्हतं, मी कागद घेऊन निघाले होते.

४ एप्रिल, शनिवार

नऊ दिवस गोळी नाही. गुडघा मला माझ्याच शब्दांत शिव्या देतो. तिन्ही खोल्या पुसणं सोडलं, पुसायची ताकद नाही. खाटेखाली धूळ दिसते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो.

काल तीन गांधी. आज एक.

१२ एप्रिल, रविवार

आठवडाभरात दोनच, त्याही लहान. एक पुस्तक खोक्यातून बाहेर काढलं. शिंक आली नाही. शिंपिणीकडची लोणच्याची फोड मागून घेतली.

मग फोन केला. आधी काय बोलायचं ते लिहून काढलं होतं, कागद समोर होता. ‘वन्सं, माझी चूक झाली, परत या.’ तीनच शब्द पुरले असते, मी सहा लिहिले, आणि ते वाचले नाहीत.

“डॉक्टरांनी औषध बदललं,” मी म्हटलं. “खूप बरं आहे. घर मोकळंच आहे.”

“अं?”

“घर मोकळं आहे!”

पलीकडे नातींचा गोंधळ चालला होता.

“इथे माझं बरं चाललंय गं,” वन्सं म्हणाल्या. “सकाळी पोरींच्या वेण्या घालते. बघते.”

बघते. आता त्याच शब्दावर दिवस काढायचे आहेत. यायचं ठरवलं तरी त्यांना इथे येण्यासारखं मी काय ठेवलं आहे? भिंतीवर पत्रक.

पत्रक काढलं. मागे भिंतीला चौकोन उमटला आहे, बाकीच्यापेक्षा पांढरा.

१७ एप्रिल, शुक्रवार

आल्या. चिरंजीवांनी डाग वर आणले. दोनच. मी जिन्याकडे बघत राहिले.

“ठकी?”

“राहिली तिथेच.” वन्संनी चपला काढल्या, नेहमीच्या जागी ठेवल्या. “पोरींना लळा लागलाय. आणि तुझ्या कागदात तिचं नाव होतं ना. कशाला उगीच.”

“आत्या येताना दोनदा मागे वळली,” चिरंजीव म्हणाले.

“तू गाडी नीट चालवत नव्हतास म्हणून,” वन्सं म्हणाल्या.

मी म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही. म्हटलं, “चहा टाकते.”

त्या खिडकीपाशी गेल्या. तेलाची बाटली त्यांनी ठेवली होती तिथेच, फडक्यासकट. उचलून उजेडात धरली. जवळजवळ जेवढं होतं तेवढंच. त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्या गुडघ्याकडे, मग बाटली खाली ठेवली. दमले आहे म्हणून लवकर आडव्या झाल्या. खिडकीत, जिथे ठकी बसायची, तिथे कुणी नाही आणि त्या तिकडे तोंड करून झोपल्या.

म्हणजे मी निम्मंच परत आणलं. उरलेलं निम्मं माझ्या तोंडात आहे.

१८ एप्रिल, शनिवार

आज दिवसभर हिंमत गोळा केली. चौदाव्या वर्षी मदर सुपीरियरपुढे उभी राहिले होते तेव्हाही इतकी लागली नव्हती. सहा वाजता वन्सं आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, खिडकीकडे तोंड करून, दाण्यांतले खडे निवडत.

“वन्सं, ठकीचा दोष नव्हता.”

“अं?”

“ठकीचा दोष नव्हता! गुडघ्याच्या गोळीने उठत होतं!”

“कोण उठत होतं?”

“पित्त! मी गोळी घेत होते आणि डॉक्टरांना सांगितलं नाही! तुम्ही गेल्यावर जास्त घेतल्या! तेल चोळायला कुणी नव्हतं म्हणून!”

“काय म्हणतेस, नीट ऐकू येत नाही गं.”

खालचं शिलाई मशीन थांबलं. शिंपीण जिन्याच्या पायरीवर येऊन उभी असणार, मला माहीत आहे तिचं.

“माझं चुकलं!” मी ओरडले. अडुसष्ट वर्षांत हे वाक्य मी कधी छापायलाही दिलं नव्हतं, ते आता सगळ्या इमारतीने ऐकलं. “तुम्हाला जाऊ दिलं ते चुकलं! मांजरालाही!”

वन्संनी एक खडा बोटात धरून उजेडात बघितला आणि बाजूला टाकला.

“आत्ता कसं,” त्या म्हणाल्या. “उद्या जाऊन आणू तिला. टोपलीला झाकण मात्र घे या वेळी, माझी शाल केसांनी भरली होती. झोपायच्या खोलीचं दार लावून घेत जा. आणि पोरींना तूच सांग, मी नाही सांगणार, धाकटी रडेल.”

“मी सांगेन.”

“आणि इतक्या मोठ्याने बोलत जाऊ नकोस. लोक ऐकतात.”

दाण्यांचं ताट ठेवायला त्या उठल्या आणि पाठमोऱ्या झाल्या. पांढऱ्या केसांखाली, उजव्या कानात, यंत्र होतं. सकाळपासूनच असणार.

घड्याळात सव्वासहा झाले होते. त्यांनी खिडकीतली बाटली घेतली, मी गुडघा पुढे केला.